रिकामी कास बघ

पोरी,

तालुक्याच्या पशुप्रदर्शनात शेळ्यांच्या परीक्षकांमध्ये तुझं नाव आल्याचं तुझ्या आईनं फोनवर सांगितलं. आनंद झाला आणि पाठोपाठ काळजीही लागली. तू पशुवैद्यकाची पदवी घेतलेली. शेळीच्या पोटात काय चाललंय हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण रिंगणात तीस शेळ्या, तीस मालक, माईकवर ओरडणारा निवेदक आणि सारखे घड्याळ बघणारे पाहुणे असले की पुस्तकातलं पान वेळेवर उघडत नाही. तिथं हाताला जे आठवेल तेच कामाला येतं. म्हणून चार गोष्टी लिहून ठेवतो. पटतील त्या घे, उरलेल्या म्हाताऱ्याची बडबड म्हणून सोडून दे.

आपल्या घरात शेळी आली ती १९७२ च्या दुष्काळात. गाय गेली, बैलजोडी मातीमोल भावानं गेली. आई खडी फोडायला जायची, आम्हा पोरांना सुकडी मिळायची. मजुरीच्या पैशातून तिनं एक पांढरी, काळ्या ठिपक्यांची संगमनेरी शेळी घेतली. ज्या माळावर गाईला काडी मिळत नव्हती तिथं ती बोरीच्या काट्यांतून पाला वेचून यायची आणि संध्याकाळी पितळी तांब्या भरून द्यायची. आज दावणीला असलेली आपली काळी ही तिच्याच पोटची, माझ्या वहीप्रमाणे सतराव्या पिढीची. एवढ्या वर्षांत शेळ्यांनी मला जे शिकवलं, त्यातलं पहिलं हे:

भरल्या कासेला भुलू नकोस

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी निम्मे मालक शेळीची धार काढत नाहीत. संध्याकाळची सोडतात, सकाळचीही सोडतात. दूध तुंबतं, कास फुगते, कातडी ताणून चकचकीत होते, सड बाहेरच्या अंगाला उभे राहतात. लोक म्हणतात, "काय कास आहे!" शेळी मात्र मागचे पाय फाकवून चालते आणि करडू जवळ आलं की लाथ मारते. तिला दुखत असतं.

भरलेली कास सगळ्यांचीच चांगली दिसते. खरी कास कळते ती धार काढल्यावर. म्हणून आधीच सांगून ठेव, की आदल्या संध्याकाळी सगळ्या शेळ्यांची कास समितीच्या डोळ्यांसमोर रिकामी होईल आणि मोजमाप त्यानंतरच्या दोन धारांचं होईल. लोक कुरकुरतील, कुरकुरू दे.

मग रिकामी कास हातात घे. चांगली कास धुऊन पिळलेल्या फडक्यासारखी मऊ पडते, हाताला सुरकुत्या लागतात. दूध निघून गेलं तरी जी तेवढीच जाड राहते, मळलेल्या कणकेच्या गोळ्यासारखी लागते, ती मांसल कास. दिसायला मोठी, द्यायला थोडी. एका बाजूला गाठ किंवा कडकपणा लागला तर कासेची सूज, म्हणजे दगडी, होऊन गेलेली आहे किंवा येऊ घातलेली आहे. पहिल्या दोन-तीन चिळकांड्या काळ्या फडक्यावर घे. दुधात कणी किंवा दोरा दिसला तर ती शेळी रांगेतून बाजूला कर आणि पुढच्या शेळीला हात लावण्याआधी साबणानं हात धू. परीक्षकाच्या हातानं रोग फिरला तर त्याच्यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही.

सड बोटभर लांब, मुठीत मावणारे, दोन्ही सारखे हवेत. बाटलीसारखे जाड सड असले तर नुकतं जन्मलेलं करडू ते तोंडात धरू शकत नाही, उपाशी राहतं. जादा सड किंवा जोडसड असेल तर गुण काप. कास पोटाला आणि मागच्या मांड्यांच्या मधे वरपर्यंत घट्ट धरलेली हवी, मधली खाच स्पष्ट हवी आणि तळ मागच्या पायाच्या मधल्या सांध्याच्या वर राहायला हवा. हे सौंदर्यासाठी नाही. आपली शेळी दिवसभर डोंगर चढते. लोंबती कास बाभळीच्या काट्यांनी ओरखडते, ओरखड्यातून घाण आत जाते आणि तिसऱ्या वेतात अर्धी कास बंद पडते.

उंटावरून शेळ्या हाकू नकोस

व्यासपीठावर बसून, मालकांना समोरून एकेक फेरी मारायला लावून निकाल देणारे परीक्षक मी पुष्कळ पाहिले. तू खाली उतर. चांगली चप्पल घरी ठेव, लेंडीत बसायची तयारी ठेव.

आधी लांबून बघ. शेळीला दहा पावलं चालव, समोरून, बाजूनं, मागून. मागचे पाय एकमेकांना घासत असले तर कासेला जागाच नाही. पाठ सरळ हवी, छाती रुंद, पोट खोल. ज्या पोटात चारा मावत नाही त्यातून दूध कुठून येणार?

मग तोंड उघड. शेळीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, खाली आठ असतात. दुधाचेच दात असले तर आदत. साधारण सव्वा वर्षाच्या आसपास मधली जोडी बदलते, ती दोनदाती. दोन वर्षांच्या सुमारास चारदाती, त्यानंतर सहादाती, आणि चौथ्या वर्षाच्या आसपास सगळे आठ बदलले की जुळलेली. मालक "पहिलारू आहे" म्हणाला आणि तोंडात आठ दात झिजलेले दिसले, तर काही बोलू नकोस. कागदावर लिही आणि पुढं जा. खालचे दात वरच्या हिरडीला बरोबर टेकतात का तेही बघ. जबडा पुढं-मागं असला की पाला तुटत नाही, आणि हा दोष पुढच्या पिढीत उतरतो.

खालची पापणी उलटून बघ. लालबुंद असली तर रक्त आहे, पांढुरकी असली तर पोटातल्या जंतांनी ते पिऊन टाकलंय. याचा उपयोग एका मोठ्या घोळातून सुटायला होतो. दुधाळ शेळी अंगानं कमीच असते, चारा चरबीत न जाता कासेत जातो, म्हणून बरगड्या हाताला लागतात. उपाशी किंवा जंत झालेल्या शेळीच्याही बरगड्या लागतात. दोघींतला फरक कसा ओळखायचा? दुधानं बारीक झालेल्या शेळीची कातडी पातळ आणि सैल, केस तुकतुकीत, डोळा जागा, पापणी लाल. उपाशीचे केस उभे आणि राठ, डोळा मेलेला. लठ्ठ, गोलमटोल, फोटोत छान दिसणारी शेळी बहुतेक वेळा भाकड तरी असते नाहीतर आळशी. घोडेगावच्या किंवा लोणीच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदा करणारा व्यापारी मांस बघतो. तू बाजारात उभी नाहीस, हे लक्षात ठेव.

बोकडाला त्याची आई विचार

आता माझी चूक सांगतो. कुणाला फारशी सांगितलेली नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात बोकडांचा परीक्षक होतो. एक पांढराशुभ्र, छातीला भरदार, कमरेपर्यंत येणारा बोकड आला. कान लांब, चाल राजासारखी. मी त्याच्या आईबद्दल विचारलं नाही. मालकानं सांगितलं नाही. पहिली ढाल दिली. पुढं आठ-दहा गावांतल्या बाया आपल्या माजावरच्या शेळ्या घेऊन त्याच्या दारी गेल्या. दोन वर्षांनी त्याच्या लेकी व्यायल्या. अंगानं थोराड, पण कास गुडघ्यापर्यंत लोंबती आणि सड बाटलीसारखे. करडं बाटलीनं पाजायची वेळ आली. एक म्हातारी मला बाजारात भेटली आणि म्हणाली, "आबा, तुमच्या ढालीनं माझ्या कळपाची कास उतरवली." शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

शेळी वर्षाला दोन-तीन करडं देते. बोकड एका हंगामात पंचवीस-तीस शेळ्यांना पुरतो. म्हणून तुझ्या हातून चुकीच्या शेळीला बक्षीस गेलं तर एका घराचं नुकसान, चुकीच्या बोकडाला गेलं तर पंचक्रोशीचं. बोकडाची ढाल देण्याआधी विचार: याची आई कुठं आहे? किती दूध देत होती? तिची कास कशी होती? उत्तर नसेल तर पहिला क्रमांक नाही, कितीही देखणा असला तरी. दोन्ही अंडं सारखी आणि पूर्ण उतरलेली आहेत का, हातानं चाचपून बघ. अंडांच्या पुढं बोकडालाही दोन छोटे सड असतात, तेही बघ. त्याला तिसरा सड असला तर त्याच्या लेकींनाही असू शकतो. हे बघणारे परीक्षक मला फार थोडे भेटले.

आणखी एक. भुंड्या शेळीला भुंडा बोकड लावू देऊ नकोस. माझ्या कळपात एकदा दोन्ही भुंडे जमले, तेव्हा जन्मलेली एक पाठ, म्हणजे न व्यायलेली तरुण शेळी, वाढली, पण कधी माजावर आलीच नाही. ना धड मादी, ना नर. बिनशिंगेपणाच्या जनुकाची जोडी जमली की मादीत हे होतं, हे तूच मला पहिल्या वर्षाच्या सुट्टीत समजावलंस. जोडीत एक तरी शिंगवाला हवा, एवढं साधं गणित.

दोन वर्षांनी बोकड बदलायचा. नाहीतर तो आपल्याच लेकींवर जातो, करडं बारकी पडतात, आणि लोक म्हणतात चाऱ्याला दोष.

गळ्यातले सड

काही शेळ्यांच्या गळ्याखाली कातडीच्या दोन लोळ्या लोंबतात. मालक त्यांना घुंगरू बांधतात. संस्कृतात त्याला अजागलस्तन म्हणतात, म्हणजे दिसतो सडासारखा पण दूध टिपूस नाही. प्रदर्शनात असे गळ्यातले सड पुष्कळ असतात: कानाची लांबी, रंगाचा शुभ्रपणा, रोमन नाक, मालकाचा फेटा. यातल्या एकालाही गुण देऊ नकोस, जातीची ओळख पटवण्यापुरते सोडून.

जातीची ओळख मात्र हवी. महाराष्ट्राच्या स्वतःच्या म्हणाव्यात अशा शेळ्या चार: उस्मानाबादी, संगमनेरी, कोकण कन्याळ आणि बेरारी. उस्मानाबादी बहुतेक काळी, उंच, जुळ्या करडांसाठी नावाजलेली. संगमनेरी आपल्या नगर, नाशिक, पुण्याकडची. बहुतेक पांढरी, कधी काळे-तपकिरी ठिपके, कान मध्यम लांबीचे आणि खाली पडलेले, शिंगं वर आणि मागं वळलेली. दूध आणि मटण दोन्हीला चालणारी. अर्ध्या ते एक लिटर दुधावर नाक मुरडणारे लोक असतात. पण ती हे दूध बाभळीच्या शेंगा आणि बोरीच्या पाल्यावर देते, हे ते विसरतात. खानदेशातली सुरती जास्त दूध देते, पण तिला दूरवर चालवता येत नाही. ती दावणीला बांधून खाऊ घालणाऱ्याची शेळी. बीटलबद्दल तेच. आणि जमनापारीला लागणारा यमुना आणि चंबळच्या काठचा पाला आपल्या माळावर नाही.

तू मोबाईलवर अमेरिकन डेअरी गोट असोसिएशनचं गुणपत्रक दाखवलं होतंस, ते मी वहीत उतरवून ठेवलंय. मोठ्या दुधाळ शेळीला शंभरपैकी ३५ गुण बाह्य रूपाला, २० दुधाळ चणीला, १० शरीराच्या मापाला आणि ३५ कासेला. बाह्य रूप म्हटल्यावर आपले लोक कान आणि रंग समजतील. त्यांच्या कागदात ते प्रामुख्यानं पाठ, पाय, खुरं आणि चाल आहे. शेळी किती वर्षं टिकेल ते त्यावर ठरतं. तो कागद आपल्याकडं तसाच्या तसा चिकटवू नकोस, कारण तो दावणीच्या शेळ्यांसाठी बनलाय. पण कासेला एक-तृतीयांशाहून जास्त वजन हा हिशोब आपल्याला उचलण्यासारखा आहे. गोऱ्यांनी आपल्या जमनापारीचंही रक्त इंग्लंडला नेऊन अँग्लो-न्युबियन जात घडवली, ती आज जगभर दुधासाठी पाळतात. त्यांनी आपल्याकडून लांब कान नेले, कासेची मेहनत त्यांची त्यांनी केली. आपण मात्र लांब कानांवर अडून बसलो.

वही ठेव, भावना नको

कळपात कोण राहील आणि कोण विकली जाईल हे वहीनं ठरव. आठवड्यातून एकदा दोन्ही वेळचं दूध मोजायचं. प्रत्येकीचा बिल्ला, माजाची तारीख, बोकड कोणता लावला, किती करडं, किती जगली, दगडी झाली का. माज एकवीस दिवसांनी परत येतो का बघायचं, नाही आला तर गाभण समजायचं आणि पाच महिने पुढचं पान दुमडून ठेवायचं. माझ्या आईला लिहिता येत नव्हतं, ती गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं रेघा मारायची. पावसाळ्यात चुना लावला की तिचा वर्षभराचा हिशोब पुसला जायचा. मी शाळेतून पहिली कोरी वही आणली ती त्यासाठी.

पाठ वयावर नाही, वजनावर लावायची. संगमनेरी वीस-बावीस किलोच्या वर गेल्याशिवाय बोकड दाखवायचा नाही. घाईनं लावलेली पाठ आयुष्यभर खुरटी राहते आणि तिची कास वाढत नाही. व्यायच्या आधी दोन महिने दूध आटवायचं. शेवटच्या दीड महिन्यात करडू पोटात सगळ्यात जास्त वाढतं, तेव्हा खुराक वाढवायचा, पण एकदम नाही, रोज मूठमूठ. खुराक एकाएकी वाढवला की पोट बिघडतं. पहिल्या पावसानंतरची कोवळी ज्वारी टाळायची, किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते. सुबाभूळ चांगली, पण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत. लसींचं आणि जंतनाशकाचं तुला मी काय सांगू, ते तू मला सांगायचं.

करडू जन्मलं की तोंड-नाक पुसायचं, नाळेला टिंक्चर आयोडीन लावायचं आणि अर्ध्या तासात चीक पाजायचा. दोन किलोच्या करडाला पहिल्या दिवसात दोनशे मिली चीक, थोडा थोडा. वार पडायची वाट बघत चीक थांबवणारे लोक अजून आहेत. त्यांच्याशी भांडायचं असेल तर भांड, ते भांडण पुण्याचं आहे.

धार काढताना अंगठा दुमडून सड ओढायचा नाही. पूर्ण मुठीनं, वरून खाली एकेक बोट मिटत. चिमटीनं काढलेली धार लवकर निघते आणि सड लवकर जातो. बोकड गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला, वाऱ्याच्या खालच्या अंगाला बांधायचा. दुधाला वास येतो म्हणून लोक शेळीला नावं ठेवतात, दोष असतो शेजारी बांधलेल्या बोकडाचा.

निकाल सांगायची रीत

निकालाला कारण जोड. "क्रमांक एक, कारण धार काढल्यावर कास मऊ, जोडणी घट्ट, पाय सरळ. क्रमांक दोन, कारण कास तशीच पण मागचे पाय जवळ." एवढं माईकवर बोललीस की हरलेला मालकही घरी जाऊन आपल्या शेळीचे पाय बघतो. नुसता आकडा सांगितला तर तो तुझी जात आणि तुझं गाव शोधतो.

शेवटच्या क्रमांकाच्या मालकाला मंडपामागं जाऊन भेट. आधी त्याच्या शेळीतली एक चांगली गोष्ट सांग, मग खोट, मग उपाय: पुढच्या वेळी कोणता बोकड लाव. पहिल्याला ढाल मिळते, त्याला तुझी गरज नाही.

ओळखीच्या माणसाची शेळी रांगेत असली तर आधीच सांग आणि त्या गटाचं परीक्षण दुसऱ्याला दे. आपल्या घरच्या शेळ्या या वर्षी प्रदर्शनात येणार नाहीत. मी तुझ्या काकाला सांगून ठेवलंय, तो रुसलाय, त्याचं बघतो मी.

मी पहिल्यांदा रिंगणात सगळ्यांच्या धारा काढायला लावल्या त्या दिवसाचं एक सांगतो. दोन तास गेले, पाहुणे निघून गेले, निवेदकानं माईक बंद केला. पहिली आली ती एका बाईची कबरी, हडकुळी शेळी. सकाळी रांगेत ती तेराव्या क्रमांकाला उभी होती, कारण त्या बाईनं नेहमीसारखी पहाटे धार काढून घरात चहाला दूध ठेवून शेळी आणली होती. तिला तुंबवायचं माहीतच नव्हतं. सगळ्यांची कास सारखी रिकामी झाली तेव्हा तिची दिसली.

तुंबवलेल्या शेळ्या त्या संध्याकाळी रिंगणात आडव्या झाल्या आणि रवंथ करू लागल्या. सकाळपासून एकही बसली नव्हती.

रविवारी संध्याकाळी ये. काळीची धार तू काढ, मी बाजूला बसतो. ती पहिल्या दोन धारांना पाय उचलते, घाबरू नकोस. हात गरम करून लाव.

तुझा,
आबा